नवं पाकीट सुरू करण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, कारण मी पुन्हा मावशीच्या पायात झालेल्या रक्ताच्या गाठीवर आले होते. आज तो विषय नाही. जुनी गर्भनिरोधक गोळी सोडून नवी कधी सुरू करायची, एवढंच तू विचारलं होतंस.

जुन्या पाकिटातली शेवटची हार्मोनची गोळी ज्या दिवशी घेशील, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नव्यातली पहिली. मध्ये सुट्टी नाही. तुझं जुनं पाकीट 28 चं आहे: 21 गोळ्या हार्मोनच्या, उरलेल्या 7 वेगळ्या रंगाच्या, त्यांत हार्मोन नाही. त्या 7 सरळ टाकून दे. आधीच्या गोळ्या नीट घेतल्या असतील, तर नवीचं संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळतं. या वेळी पाळी येणार नाही किंवा नुसते डाग पडतील. गोळीवर असताना येते ती पाळी म्हणजे हार्मोन थांबल्यामुळे होणारा रक्तस्रावच असतो, तो चुकला म्हणून काही बिघडत नाही.

सुट्टी का नको? त्या 7 दिवसांत बीजकोश पुन्हा जागे व्हायला लागतात, आणि त्यांना गप्प बसवायला सलग 7 गोळ्या लागतात. सुट्टी लांबली की बीज सुटू शकतं. म्हणून नवं पाकीट आधी हातात असू दे. सुट्टीचा तिसरा दिवस उजाडलाच, तर नवी सुरू कर आणि पहिले 7 दिवस कंडोम वापर.

नव्या पाकिटात 24 हार्मोनच्या आणि 4 रिकाम्या आहेत. सुरुवात कुठून, ते आधी नीट बघ. उलट्या टोकाकडून सुरू केलंस तर चार दिवस फुकट आणि तुला पत्ताही नाही.

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घे, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटची राहिलेली तेवढी घे, पुढे रोजच्यासारखं चालू ठेव, आणि 7 दिवस कंडोम. गोळी घेतल्यावर 3 तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घे. साध्या अँटिबायोटिकनं गोळीचं काही बिघडत नाही. रिफाम्पिसिन (क्षयाचं औषध) आणि फिटवरच्या काही गोळ्यांनी मात्र बिघडतं.

झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. तापात गोळी जिभेखाली धरून ठेवणारी आणि मी वळले की कुंडीत थुंकणारी तू! मातीत अर्धवट विरघळलेल्या त्या गुलाबी गोळ्या सापडल्या तेव्हा बाबाच जास्त हसले. आता तीच मुलगी डॉक्टरांसमोर बसून स्वतःचं स्वतः ठरवते. बरं वाटतं ग, खरंच.

पण मावशीचं सांगितलंस का त्यांना? जुन्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन होतं, नवीत ड्रॉस्पिरेनोन नावाचं आहे. गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण दोघींना शिरेत रक्ताची गाठ होते, जुन्या प्रकारच्या गोळीवर 5 ते 7 जणींना, नव्या प्रकारच्या गोळीवर 9 ते 12. आकडे लहानच आहेत. गरोदरपणात धोका याहून जास्त असतो, हे मलाही माहीत आहे. तरीही मावशीला गाठ झाली तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती, आणि हे ऐकून डॉक्टर कदाचित वेगळी गोळी देतील. गोळी महिनाभर सोडून परत सुरू केली तर गाठीचा धोका पुन्हा चढतो, म्हणून कंटाळून मध्येच बंद-चालू करू नकोस.

एकच पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसत असतील, तर ही गोळी तुझ्यासाठी नाहीच. तू डोकेदुखीचं म्हणाली होतीस, म्हणून विचारते. सिगारेटचं विचारत नाही, पण डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांग.

पहिले तीन महिने मध्येच डाग पडले तर गोळी बदलायला धावू नकोस, बहुतेक वेळा ते थांबतात. आणि रक्तदाब मोजला का त्यांनी? 140/90 किंवा वर असेल तर नवं पाकीट उघडूच नकोस, आधी त्यांना फोन कर. तेव्हाच मावशीचंही सांगून टाक.

तुझी,
आई