फायबरचा जोड शर्टाला पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठवाड्यात आता ग्रामपंचायत, शाळा, सेवा केंद्र अशा अनेक ठिकाणी फायबरवर इंटरनेट आले आहे. ते रखडले की पहिला संशय केबलवर जातो आणि खोदकामाची चर्चा सुरू होते. पण केबल तुटली की सहसा ओएनटीवरचा (फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या पेटीवरचा) ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो. तो लागत नाही आणि नेट मात्र येते-जाते, अशा वेळी आधी पॅचकॉर्डचे, म्हणजे त्या पेटीला जोडणाऱ्या फायबरच्या छोट्या तारेचे, टोक बघावे.

या जोडण्यांतल्या सिंगल मोड फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या बारीक तारेत, प्रकाश जेमतेम 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. त्यावर धुळीचा एक कण बसला तरी सिग्नल घटतो. तसाच जोड दाबून बसवला तर कण काचेत रुतून ओरखडा पडतो, मग कितीही पुसा, कनेक्टर बदलावाच लागतो. उन्हाळ्यातला काळ्या मातीचा फुफाटा, वेचणीच्या दिवसांतले कापसाचे तंतू आणि दार उघडे टाकलेले कॅबिनेट, मग वेगळे काय होणार?

शर्टाच्या टोकाने पुसले की घाम आणि धागे लागतात, तोंडाने फुंकले की ओलावा. सॅनिटायझरमधले ग्लिसरीन आणि औषध दुकानातल्या स्पिरिटमधले पाणी काचेवर डाग ठेवते. आधी कोरडी सफाई: क्लिनर पेन (टोक पुसणारे पेनासारखे साधन) लावून टक् आवाज येईपर्यंत दाबावा. एससी (मोठ्या) कनेक्टरला 2.5 मिमीचा पेन, एलसीला (लहान) 1.25 मिमीचा. तेलकट डाग उरलाच तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या वाइपवर टोक एकाच दिशेने ओढावे आणि लगेच कोरड्या भागावर. त्याच जागेवरून पुन्हा फिरवू नये. टोक ज्यात बसते तो समोरचा अडॅप्टरही साफ करावा, नाहीतर तिथली घाण स्वच्छ टोकावर परत येते. हिरवा कनेक्टर निळ्यात घालू नये. हिरव्याचे टोक 8 अंशांनी तिरके असते, निळ्याचे नसते.

टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. ओएनटी बंद केला तरी एक्स्चेंजकडून येणारा 1490 नॅनोमीटरचा प्रकाश चालूच असतो आणि तो दिसत नाही. सफाईआधी व नंतर प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर रीडिंग घ्यावे. बहुतेक ओएनटींची मर्यादा उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे एकक) आसपास असते. आकडा तिथे टेकला असेल तर नेट टिकत नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या माणसाजवळ तुटलेली फायबर सांधणारे महागडे स्प्लायसिंग मशीन असते, पण शेकडो वेळा चालणारा क्लिनर पेन नसतो. देखभालीच्या कंत्राटात पेन, वाइप, अल्कोहोल व पॉवर मीटर सक्तीचे करावेत आणि सफाईआधी-नंतरचे रीडिंग नोंदवल्याशिवाय तक्रार बंद करू नये.

आपला,
एक फायबर तंत्रज्ञ, परभणी