शनिवारच्या अभ्यासवर्गाआधी एवढं वाचून या

सर्व सदस्यांना आठवण: शनिवारचा विषय आहे तातडीचं गर्भनिरोधन, म्हणजे असुरक्षित संबंधानंतर गर्भधारणा टाळण्याचे उपाय. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी १.५ मिलिग्रॅम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, हे सगळ्यांना पाठ आहे. पण जितका उशीर तितका परिणाम कमी, हे सांगायचं राहून जातं. युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते. ५ दिवसांत बसवलेली तांबी सर्वांत खात्रीची, आणि नेमकी तीच सुचवायची आपण विसरतो. गोळी बीजोत्सर्ग (अंडाशयातून बीज बाहेर पडणं) लांबवते, गर्भपात करत नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगा. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर २ तासांत उलटी झाली तर डोस पुन्हा.

आणि कृपा करून, समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलीला "लग्न झालंय का?" असं विचारू नका. संबंध कधी आला, शेवटची पाळी कधी, गोळीचा परिणाम कमी करणारं रिफॅम्पिसिनसारखं (क्षयरोगाचं) औषध चालू आहे का, एवढंच, तेही हळू आवाजात. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भधारणेची चाचणी करायला सांगा.