झाकलेला क्रमांक पुसला जात नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ओळखपत्राची प्रत पाठवताना त्यावरचा क्रमांक काळा करावा, एवढी जाण आता पुष्कळांना आली आहे. पण काळा करण्याच्या नेहमीच्या पद्धतींत तो बरेचदा जागच्या जागी राहतो आणि पाठवणारा मात्र निर्धास्त होतो. काळजी वाटते ती याचीच.

फोनच्या फोटो एडिटरमधला हायलायटर पारदर्शक असतो. काळा रंग घेऊन चार-पाच हात फिरवले की सगळे गडद दिसते, तरी आकडा आणि कागद यांच्या छटेत किंचित फरक उरतो. एक्स्पोजर आणि शॅडोज (फोटोतला उजेड आणि गडद भाग उजळण्याच्या सोयी) पूर्ण वाढवले, की आकडे वर येतात. पीडीएफमध्ये तर वरून ओढलेल्या काळ्या पट्टीखालचा मजकूर बरेचदा शाबूतच असतो. पट्टीवरून कर्सर ओढून कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, क्रमांक उमटतो. धूसर करणेही आकड्यांसाठी कच्चेच. अंक दहाच, त्यामुळे एकेक अंक तसाच धूसर करून ताडून पाहणे प्रोग्रॅमला अवघड नसते.

फोटोतून कापलेला (क्रॉप केलेला) भागही गेलाच असे समजू नये. २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप या फोटो एडिटरमधला असाच दोष उघड झाला. कापलेली प्रतिमा जुन्याच फाइलवर लिहिली जाई, पण जुन्या फाइलचा शेपटाकडचा भाग तसाच राही. त्यातून कापलेले बरेचसे परत मिळवता येई. दुरुस्ती झाली, पण आधीच पाठवलेल्या चित्रांना तिचा उपयोग नाही.

खात्रीचा मार्ग साधा आहे. हायलायटर नको, पूर्ण भरीव काळा चौकोन काढा. मग त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा. त्यात खालचा थर येत नाही, मूळ फोटोतली जागेची नोंदही येत नाही. चौकोन मात्र भरीवच हवा; पारदर्शक शाईचा स्क्रीनशॉट घेतला तरी आकडे त्यात उतरतात. पाठवण्याआधी स्वतःच एक्स्पोजर वाढवून पाहावे.

सर्वाधिक विसरला जातो तो क्यूआर कोड. क्रमांक नीट झाकलेला आणि शेजारी तीच माहिती असलेला कोड उघडा, असे सर्रास दिसते. या कोडमध्ये खराब झालेला भाग भरून काढण्याची सोय असते. या सोयीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाग भरून निघतो. म्हणून त्याचा कोपरा झाकून भागत नाही, तो पूर्णच झाकावा लागतो.

आपला,
एक वाचक