मैदानाबरोबर माणूसही द्या : मध्य प्रदेशच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस सविनय नमस्कार.

महोदय,

मी इंदूरमधील एका सरकारी शाळेत गणित शिकवतो. ज्या घरांविषयी मला लिहायचे आहे त्यांतली बरीचशी मराठी असल्यामुळे हे पत्र मराठीत आहे; त्याची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. माझी विनंती अशी की, राज्याच्या क्रीडाखर्चात मैदाने, साहित्य आणि स्पर्धा यांना जे स्थान आहे, तेच वस्तीतल्या मुलांना रोज संध्याकाळी खेळवणाऱ्या माणसालाही मिळावे. आज तो माणूस स्वतःच्या खिशातून खर्च करतो आणि सरकारदरबारी त्याची नोंदसुद्धा नसते.

इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा घराघरांत काय घडले, हे या शहराला नव्याने सांगायला नको. हुकुमचंद मिल 1991 साली बंद झाली आणि तिच्या कामगारांचे थकलेले पैसे हाती पडायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या काळात कित्येक कामगार आपल्या हक्काच्या पैशांची वाट पाहत वारले. माझे वडील दुसऱ्या एका गिरणीत मागावर होते, पण आमची गत वेगळी नव्हती. पगार थांबल्यावर वडील आधी गप्प झाले आणि मग पिऊ लागले. आई रामबागेतल्या घरांत पोळ्या करायला जाऊ लागली आणि मी आठवीत शाळा सोडून सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसलो. संध्याकाळी घराकडे पाय वळत नसत. दुकानामागे सट्ट्याच्या चिठ्ठ्या पोचवणाऱ्या मोठ्या मुलांची बैठक असे आणि त्यांना माझ्यासारखा, घरून कुणी विचारणारे नसलेला मुलगा हवाच होता.

त्या दुकानात चेंडूत हवा भरायला एक गृहस्थ येत. आम्ही सगळे पुढे त्यांना दादा म्हणू लागलो. एका कचेरीत ते शिपाई होते, जिल्ह्याच्या संघापलीकडे कधी खेळलेले नव्हते आणि कोणत्याही मंडळाचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. कचेरी सुटली की ते जवळच्या मोकळ्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवत. त्यांनी मला बोलावले, मात्र खेळायचे तर शाळेत नाव हवे, ही त्यांची अट होती. ती सांगून ते थांबले नाहीत. आईला बरोबर घेऊन ते मुख्याध्यापकांकडे गेले, माझे नाव पुन्हा पटावर चढवून घेतले आणि दुकानदाराशी बोलून माझे काम फक्त सकाळपुरते ठेवले. घरातले चार पैसे अचानक बंद होऊ नयेत, एवढा विचार करणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

मैदानावर त्यांनी मला बॅकला, म्हणजे बचावफळीत, उभे केले. मला पुढे खेळायचे होते, गोल मारायचे होते. पण मी चेंडू दिसला की रागाने त्याच्यावर तुटून पडायचो आणि समोरचा मुलगा सहज मला चुकवून जायचा. दादा माझ्याकडून तासन्‌तास एकच गोष्ट करून घेत : समोरचा चेंडू घेऊन येत असताना पाय घालायचा नाही, हातभर अंतर राखून मागे सरत राहायचे, त्याला कडेला ढकलायचे आणि चेंडू त्याच्या पायापासून सुटला की मगच टॅकल करायचा. डोळे चेंडूवर ठेवायचे, त्याच्या खांद्यावर नाही. ज्या मुलाच्या घरी रोज रात्री आवाज चढत, त्याच्या अंगी हे थांबणे बाणवणे किती कठीण आणि किती गरजेचे होते, हे मला शिक्षक झाल्यावर उमगले.

वडिलांशी त्यांनी जे केले, ते मात्र मी अजून कुठल्या प्रशिक्षण पुस्तकात वाचलेले नाही. दारू सोडा म्हणून सांगायला सगळेच येत. दादा एका संध्याकाळी उसवलेला चेंडू घेऊन आले आणि तो वडिलांपुढे ठेवून म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या हाताला धागा ओळखतो. हे काम आमच्याने होत नाही.” बत्तीस तुकड्यांचा, वीस षटकोन आणि बारा पंचकोन जोडून शिवलेला तो चेंडू वडील बराच वेळ नुसता फिरवून पाहत राहिले. मग त्यांनी दोरा मेणावर घासून घेतला, दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि समोरासमोरच्या भोकांतून दोन्हीकडून टाके ओढायला सुरुवात केली. शेवटची शिवण बाहेरून बंद करावी लागते. टाका सैल राहिला तर पहिल्याच उंच फटक्याला ती उघडते. वडिलांनी ती दोनदा उसवून पुन्हा घातली. त्यानंतर मैदानावरचे फाटके चेंडू आमच्याच घरी येऊ लागले आणि ज्या दिवशी चेंडू शिवायचा असे, त्या दिवशी वडील पीत नसत. पिणे एकदम सुटले असे मी म्हणणार नाही. पण घरात त्यांना पुन्हा काहीतरी विचारले जाऊ लागले.

महोदय, एखाद्या योजनेत बसवता येईल असे यात फार थोडे आहे, हे मी जाणतो. तरी त्या माणसाला टिकवून धरणे शासनाच्या हातात आहे. आपल्याच राज्यातले शहडोल जिल्ह्यातील बिचारपूर पाहावे. एकेकाळी अवैध दारूसाठी ओळखले जाणारे हे गाव आज ‘मिनी ब्राझील’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि जुलै 2023 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. रईस अहमद या प्रशिक्षकांनी अपुऱ्या साधनांत तिथल्या मुलांना शिकवायला घेतले, त्यानंतर प्रशासनाने ‘फुटबॉल क्रांती’ मोहीम हाती घेऊन त्या भागात शेकडो क्लब उभे केले. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, तोही पावसात तुटकी बादली लाथाडणारी मुले पाहून. दोन्हीकडे आधी माणूस उभा राहिला. व्यवस्था त्याच्या मागून आली.

आपल्या सध्याच्या योजनांचा क्रम उलटा आहे. ‘खेलो इंडिया’ची जिल्हा पातळीवरील 1,000 केंद्रे हा चांगला उपक्रम आहे, परंतु तिथे नेमणुकीची पात्रता मुख्यतः माजी खेळाडूच्या पदकांवर आणि त्याने केलेल्या प्रतिनिधित्वावर ठरते. आमचे दादा त्या दारातून कधीच आत गेले नसते. समग्र शिक्षा अभियानात शाळांना क्रीडा साहित्यासाठी प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपये मिळतात. त्या पैशांत चेंडू येतात, जाळ्या येतात आणि खेळवणारे कुणी नसल्याने, मी माझ्या सेवाकाळात पाहिले आहे त्याप्रमाणे, कपाटात बंद होतात.

म्हणून वर्षानुवर्षे मुलांना खेळवत असलेल्या व्यक्तींना, त्यांच्या पदकांऐवजी त्यांच्या कामाची पाहणी करून, मासिक मानधन द्यावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी लायसन्स’ या प्राथमिक प्रशिक्षणाचे शुल्क राज्याने भरावे आणि ते वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, हिंदीतून होतील असे पाहावे. सरकारी शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर कुलूपबंद असतात, ती संध्याकाळी खुली करावीत. एका बाबतीत मात्र सवलत नको. ज्या मुलाला घरचा आधार नाही, त्याचा विश्वास मिळवणाऱ्या माणसाच्या हाती फार मोठी सत्ता येते. त्यामुळे पोलीस पडताळणी, पालकांची समिती आणि मैदानावर सतत दुसरी एक प्रौढ व्यक्ती, या अटी कुणाच्याही ओळखीवर शिथिल करू नयेत.

गिरण्या बंद पडूनही अनंत चतुर्दशीला त्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात आणि त्यासाठी हे शहर, नगर निगम व विकास प्राधिकरण दरवर्षी मदत उभी करतात, याचा मला इंदूरकर म्हणून अभिमान आहे. त्याच गिरण्यांच्या वस्तीतल्या नातवंडांसाठी वर्षभराच्या एका प्रशिक्षकाचे मानधन उभे करणे या शहराला जड जाईल असे मला वाटत नाही.

दादा आता हयात नाहीत. त्यांच्यामागे त्या मैदानावर रोज येणारे कुणी राहिले नाही आणि मुलेही पांगली. प्रायोगिक सुरुवात करायची असल्यास ती परदेशीपुरा आणि मालवा मिल या भागापासून करावी, अशी माझी सूचना आहे. आपल्या विभागाचे अधिकारी पाहणीला आले, तर तिथल्या शाळांच्या मुख्याध्यापकांशी आणि आज विनामोबदला मुलांना खेळवणाऱ्या दोघा-तिघांशी त्यांची भेट घालून देण्याची जबाबदारी मी घेतो. कृपया तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
इंदूरमधील एक शिक्षक