डिझेल गाडीचे स्पार्क प्लग साफ केल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

दिनांक : ४ नोव्हेंबर २०२५

विषय : १३ ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगचं बिल, न बदललेला टायमिंग बेल्ट आणि काल सकाळचा फोन

महोदय,

काल सकाळी तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर मी २६ मिनिटं होतो. त्यातली बरीचशी सतार ऐकण्यात गेली. तक्रार क्रमांक लिहून घ्यायच्या आत फोन कट झाला, म्हणून क्रमांकाशिवायच लिहितो. गाडी तुमची, बिल तुमचं, शिक्का तुमच्या अधिकृत वर्कशॉपचा. एवढ्यावरून मी कोण ते सापडायला हरकत नसावी.

गाडी जून २०१० ची, डिझेल, एमएच-०८. ओडोमीटरवर १,०२,००० आणि वर थोडे. पहिल्या दिवसापासून सर्व्हिसिंग तुमच्याकडेच. गुहागरहून चिपळूण, जाऊन-येऊन ९० किलोमीटर. २२ जुलै २०२१ च्या पुरात वर्कशॉपचं जुनं दप्तर गेलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या दिवशी चिपळुणात कोणाचं काय राहिलं होतं? पण माझं दप्तर शाबूत आहे. १५ वर्षांची बिलं पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, डांबरगोळ्यांसकट.

त्या बिलांप्रमाणे टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा इंजिनातला रबरी पट्टा, शेवटचा बदलला ऑक्टोबर २०१७ मध्ये, ५८,००० वर. तुमची पुस्तिका म्हणते, ८०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, जे आधी होईल ते. हे शेवटचे चार शब्द मी घातलेले नाहीत, तुम्ही छापलेत. निवृत्त माणसाची गाडी फिरणार किती? बाजार, बँक, महिन्यातून एकदा डॉक्टर, मे महिन्यात पाहुणे. किलोमीटर होत नाहीत, वर्षं होतात. आणि इथली वर्षं साधी नसतात. खाऱ्या वाऱ्यात दाराच्या कडीला वर्षात गंज धरतो. तवसाळहून जयगडला जायचं तर गाडी फेरीबोटीत चढवायची, म्हणजे खालून खारं पाणी. पावसाळ्याचे चार महिने पोटाला लाल चिखल. रबर काही किलोमीटर मोजत बसत नाही, ते उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि ओल आमच्याकडे फुकट आहे. हे सगळं तुम्हाला सांगायला नको, कारण पुस्तिका तुमचीच. वर्कशॉपला मात्र कोणीतरी सांगायला हवं.

१३ ऑक्टोबरला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, ८० हजार कुठे झालेत? बेल्ट चालेल अजून." मी पुस्तिका उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही तुम्हाला कुठून मिळाली?" गाडीबरोबर, बाबा. तरी त्याने जॉबकार्डावर बेल्ट लिहून घेतला आणि मी सही केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. बाहेरून धुतलेली, आतून अत्तराचा घमघमाट, बिल २१,४६० रुपये. त्यात 'टायमिंग बेल्ट किट व मजुरी : ९,२००'. दिवाळी तोंडावर होती. बिल खिशात घातलं आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात सकाळी गाडी सुरू केली की कुत्र्याचं पिल्लू बांधून ठेवल्यासारखं कुईकुई सुरू झालं. २७ तारखेला नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. हा माझा विद्यार्थी. गणितात दोनदा आपटला, पण आवाज ऐकून बिघाड सांगतो. बॉनेट उघडून म्हणाला, "गुरुजी, बाहेरचा फॅनबेल्ट चिरलाय. आतला बेल्ट बदललान म्हणता, मग हा तेव्हा काढायलाच लागतो. चिरलेला दिसला नाय त्यांना?" मग त्याने वाकून मला टायमिंग कव्हरचे बोल्ट दाखवले. गंजाची खपली जशीच्या तशी. पान्याचा एक ओरखडा नाही. "ह्याला कोणी हातच नाय लावलान." कव्हर काढायच्या आधी त्यानेच मला फोटो काढायला लावले. तेवढं गणित त्याला येतं.

आतला बेल्ट जुनाच होता, पाठीवर आडव्या भेगा. तो आता माझ्याकडे पिशवीत आहे. नवा मिस्त्रीने बसवला, भाग तुमच्याच कंपनीचा, त्याचं बिल सोबत जोडलंय.

चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचं हेड उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आम्ही भाऊबीजेला कुंभार्ली घाट चढून कराडला गेलो होतो. मागच्या सीटवर नातू. 'नवा बेल्ट आहे' म्हणून मी निर्धास्त होतो. या एका वाक्यासाठी मी तुम्हाला ९,२०० रुपये दिले.

आता कालचा फोन.

मराठीसाठी ३ दाबलं, हिंदी आलं. मी मराठीच बोलत राहिलो. शेवटी मराठी बोलणारी एक मुलगी आली. तिच्यावर माझा राग नाही, हे आधीच लिहून ठेवतो. तिच्या समोरच्या स्क्रीनवर जे काही लिहिलेलं असतं, त्यावर आहे.

"सर, बिलात तर सगळं काम पूर्ण झालेलं दिसतंय."

"बिलात मलाही दिसतंय. गाडीत दिसत नाही."

"नाही सर, सगळं झालंय. स्पार्क प्लगसुद्धा साफ केलेत."

हे तिने माझी समजूत काढायला सांगितलं. ती ओळ मी तोवर वाचलीच नव्हती. चष्मा लावून बिल पाहिलं. होती. 'स्पार्क प्लग क्लीनिंग : ३८० रुपये.'

"बाळ, गाडी डिझेलची आहे."

"हो सर, सिस्टममध्ये डिझेलच दाखवतंय."

"मग स्पार्क प्लग कोणाचे साफ केले?"

"सर, जरा होल्ड करता का?"

सतार. चार मिनिटं. बायकोने तेवढ्यात चहा आणून ठेवला आणि कोणाची मैफल आहे म्हणून विचारलं.

"सर, मी टेक्निकल टीमशी बोलले. ते म्हणतात, स्पार्क प्लग असतील तर साफ केले असतील."

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. 'वही घरी राहिली'पासून 'आजी वारली'पर्यंत (एकच आजी वर्षात तीनदा) सगळी कारणं ऐकली. पण 'असतील तर केले असतील' हे उत्तर देण्याची हिंमत एकाही पोराला झाली नाही.

"आणि नसतील तर?"

"नसतील तर सर, तो पॅकेजचा भाग आहे."

स्पार्क प्लग असतो ठिणगी पाडायला, आणि डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. हे आमच्या मिस्त्रीला ठाऊक आहे आणि तुमच्या टेक्निकल टीमला 'असतील तर' वाटतं. ग्लो प्लगला (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवतो तो) स्पार्क प्लग म्हणाले असतील, अशी पळवाट मीच सुचवून ठेवतो. पण ग्लो प्लग बिघडला की बदलतात, साफ करून ३८० रुपये लावत नाहीत.

एवढ्यावर थांबली असती तर मी हे पत्र कदाचित लिहिलंही नसतं. पुढे म्हणाली, "सर, आपली गाडी १५ वर्षं जुनी आहे, पार्ट्स झिजणारच. सध्या आमची एक्स्चेंज ऑफर सुरू आहे, दोन मिनिटं सांगू का?"

झिजलेला भाग बदलायलाच मी आलो होतो. तुम्ही तो बदलला नाही, पैसे घेतले, आणि आता तोच झिजलाय म्हणून गाडी विकायला सांगता. याच जूनमध्ये आरटीओने गाडी तपासून पुढच्या ५ वर्षांची नोंदणी करून दिली. तिथे गाडी पास आहे. भंगार ती फक्त तुमच्या कॉल सेंटरमध्ये आहे.

शेवटी तिने विचारलं, "माझ्या उत्तराने समाधानी असाल तर १० पैकी १० द्याल का?" मी उत्तर देईपर्यंत फोन कट.

माझ्या शब्दावर धाकट्या भावाने आणि व्याह्यांनी तुमच्याच गाड्या घेतल्या. 'नवी असो की जुनी, वर्कशॉपमध्ये फरक करत नाहीत' असं मी २०१० मध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. व्याह्यांनी परवा बेल्टबद्दल विचारलं, तेव्हा मी विषय बदलला.

मला बेल्टचे ९,२०० आणि स्पार्क प्लगचे ३८० रुपये परत हवेत, आणि १३ ऑक्टोबरला गाडीवर काम कोणी केलं त्याचा लेखी खुलासा. बाकी जी कामं केली म्हणता (एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ब्रेक ऑइल), त्यातली खरी किती, हेही त्यात यावं. इंजिन ऑइलच्या रंगावरून मी काही म्हणत नाही, डिझेल गाडीत ते लवकर काळं पडतं हे मला कळतं. पण जिथे नसलेले प्लग साफ होतात, तिथे फिल्टर बदलले यावर कसा विश्वास ठेवू?

१५ दिवस वाट पाहीन. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, आणि माझ्यासारख्या रकमेच्या तक्रारीला फीही लागत नाही. वेळ माझ्याकडे भरपूर आहे. बेल्टची पिशवी घेऊन येईन.

उत्तर लेखी द्यावं. फोन करायचाच झाला तर दुपारी १ ते ४ सोडून करावा. तेव्हा आम्ही जेवून आडवे झालेलो असतो.

आपला,
एक जुना ग्राहक, गुहागर

सोबत : जॉबकार्ड, बिल, बोल्टचे ४ फोटो, मिस्त्रीची पावती