डिसेंबरात जन्मलेल्या फुटबॉलपटूंसाठी क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: शालेय फुटबॉलमधील वयोगटाची कट-ऑफ तारीख आणि खेळाडूंची निवड

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे हा खेळ पेठेपेठेत आणि तालमीतालमीत रुजलेला आहे. शाहू स्टेडियमवर मोठ्यांचा सामना असला की बारा वर्षांची पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर हजर असतात. अशा मुलाला ‘यादीत तुझं नाव नाही’ असं सांगायची वेळ दर हंगामात माझ्यावर येते, म्हणून हे पत्र.

पालकांमध्ये सध्या एक मागणी जोर धरते आहे. वयोगट १ जानेवारीपासून न मोजता जूनपासून, म्हणजे शाळेच्या वर्षाप्रमाणे मोजा, असं ते म्हणतात. दाखला अमेरिकेचा देतात, कारण अनेकांची भाचरं तिकडे क्लबांतून खेळतात. तिथल्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये १ ऑगस्टची जुनी तारीख सोडून १ जानेवारी जाहीर केली आणि २०१७ पर्यंत ती सगळीकडे लागू झाली. वर्षानुवर्षं एकत्र खेळणारे संघ त्यात फुटले. आता यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या संघटना २०२६-२७ च्या हंगामापासून पुन्हा १ ऑगस्टकडे वळत आहेत. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली तिकडची बरीच मुलं आपल्या संघातल्या इतरांपेक्षा एक इयत्ता मागे असतात. बाकीचे हायस्कूलच्या संघात गेले की या मुलांना त्या हंगामापुरता संघच उरत नाही. त्यांची अडचण खरी आहे.

पण ती आपली अडचण नाही. आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जानेवारी ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं साधारणपणे एकाच वर्गात बसतात आणि १ जानेवारीची क्रीडा-तारीख त्याच्याशी जुळते. शिवाय राष्ट्रीय शालेय स्पर्धा आणि फिफाच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे वयोगटही १ जानेवारीपासूनच धरले जातात. राज्यात जून आणि राज्याबाहेर जानेवारी असं केलं, तर ऐन राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर आपलेच खेळाडू वयात बसणार नाहीत.

तारखेने काय होतं, याचं उदाहरण आमच्या गावातच आहे. अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्याचा जन्म १३ जुलै २००० चा आणि त्या स्पर्धेची कट-ऑफ १ जानेवारी २०००, म्हणजे त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच खेळता येत होतं. तीच १ ऑगस्ट २००० असती, तर तो जेमतेम एकोणीस दिवसांनी बाद झाला असता. त्याच्या खेळात काडीचाही फरक पडला नसता, फक्त संघात दुसराच कोणी मुलगा असता.

म्हणून माझी पहिली विनंती ही की तारखेला हात लावू नका. बेल्जियममध्ये १९९७ मध्ये ती ऑगस्टवरून जानेवारीवर नेली. आधी ऑगस्ट-सप्टेंबरची मुलं जास्त निवडली जायची. एकाच वर्षात त्यांचा वरचष्मा ओसरला आणि जानेवारी-फेब्रुवारीची मुलं पुढे आली. अन्याय होता तिथेच राहिला, फक्त त्याचे धनी बदलले.

तो अन्याय कसा होतो, ते निवड चाचणीच्या दिवशी येऊन बघा. माझ्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेला एक डावखुरा मुलगा होता. मोठ्या भावाचे बूट पायात, पुढे कापसाचा बोळा कोंबलेला. पण चेंडू पायाशी आला की मान वर असायची आणि दुसऱ्या टोकाला कोण मोकळा आहे ते त्याला आधीच दिसलेलं असायचं. त्याच्याशेजारी त्याच वर्षीचा, पण जानेवारीतला मुलगा उभा होता. मिसरूड फुटलेली, उंची वीतभर जास्त. पंधरा मिनिटांच्या खेळात धक्काबुक्की झाली, आमचा मुलगा दोनदा पडला आणि निवड समितीतले गृहस्थ म्हणाले, “अंगानं भरू दे, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी तो आलाच नाही. घरच्यांनी त्याला शिकवणीला घातलं होतं.

तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे काय, हे वर्गशिक्षकालाही ठाऊक असतं. निवडीच्या दिवशी मात्र आम्ही सगळे तो विसरतो आणि मोठ्या मुलाला गुणी समजून बसतो. क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रांच्या प्रवेश चाचण्याच पाहा: उंची, उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव. यातली प्रत्येक गोष्ट वयाने थोड्या मोठ्या मुलाला सोपी जाते. पुढे याच निवडीवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण अवलंबून असतं, त्यामुळे पालक जन्मदाखल्यात खाडाखोड करायला धजावतात. एकेकाळी गुरुजी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावायचे, त्यात निदान लबाडी नसायची.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. नेदरलँड्समधल्या पीएसव्ही आइंडहोव्हन क्लबसाठी खेळाडू निवडणाऱ्यांवर एक प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निवड करणाऱ्यांच्या हातात मुलांच्या जन्मतारखांचा कागद दिला, तरी ते मोठ्यांकडेच झुकले. पण मुलांच्या जर्सीचे नंबर वयाच्या क्रमाने लावले, तेव्हा तो कल नाहीसा झाला, कारण कोण किती लहान आहे हे खेळ चालू असतानाच डोळ्यांसमोर होतं. आपल्या जिल्हा आणि विभागीय चाचण्यांना हे उद्या सकाळी करता येईल. जन्मतारखा प्रवेश अर्जावर असतातच. जर्सी नसतील तर छातीवर कागदी आकडे लावू.

दुसरं, बेल्जियमच्या महासंघाने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्युचर्स’ नावाचे वेगळे राष्ट्रीय संघ चालवले. आपण निदान क्रीडा प्रबोधिनीत काही जागा अशा मुलांसाठी ठेवाव्यात आणि त्यांचा निकाल एका दिवसाच्या चाचणीवर न लावता दोन वर्षांनी लावावा.

वयोगटांमधल्या अंतराकडेही लक्ष द्या. शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील गटानंतर थेट १७ चा गट येतो. सुब्रतो चषक या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत तोच धाकटा गट १५ चा असतो, म्हणून एकच शिक्षक एकाच हंगामात दोन वेगळे संघ बांधतो. १४ च्या गटातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा एकदम आपल्यापेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठ्यांसमोर उभा राहतो आणि वर्षभर बाकावर बसतो. मधला एक गट राज्याला स्वतःच्या पातळीवर सुरू करता येईल.

शेवटची मागणी माहितीची आहे. क्रीडा प्रबोधिनीत आणि राज्य संघांत गेल्या दहा वर्षांत निवडलेल्या फुटबॉलपटूंचे जन्ममहिने आपल्या खात्याने जाहीर करावेत. नावं नकोत, फक्त कोणत्या महिन्यातली किती मुलं, एवढंच. तालुका स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. त्याआधी जर्सी नंबरांचं परिपत्रक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलं, तर याच हंगामातल्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपला,
कोल्हापुरातील एक फुटबॉल प्रशिक्षक