पांढऱ्या खुणेवर परत

साखळी, गोवा
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

डॉक्टरांनी बाबांना अजून काही दिवस वाचायला मनाई केली असल्याने हे पत्र ताईच वाचून दाखवणार, हे मी धरून चालले आहे. तिला एवढेच सांगणे आहे की यंत्राचे शब्द आले म्हणून ओळी गाळू नयेत, कारण बाबांना नेमक्या त्याच ओळी ऐकायच्या असतील. कुळागर, पाऊस आणि शेजारपाजार यांची खबर पुढच्या पत्रात देईन. हे पत्र ट्रकपुरतेच आहे.

उभ्या गाडीची रेस आपोआप वाढते आणि तितक्याच आपोआप उतरते, ही तक्रार तुम्ही बेळगावला जाण्याआधीपासूनची. गॅरेजात नेले की गाडी शहाण्यासारखी वागायची, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ उतरवताना मात्र पेडलवर कोणाचाही पाय नसताना घोंघावू लागायची. मेस्त्रींनी तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा त्यांना काही सापडले नाही, आणि तिन्ही वेळा त्यांनी स्लो स्पीडचा, म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिन किती हळू चालावे हे ठरवणारा, स्क्रू थोडा थोडा मागे घेतला. त्याचा परिणाम असा झाला की दुपारची वाढलेली रेस जेमतेम सहन होण्याइतकी कमी झाली, पण सकाळी थंड इंजिन स्लोवर टिकेना, आणि बाजाराच्या तोंडाशी भर गर्दीत गाडी दोनदा बंद पडली. मीही शहाणपणा दाखवून डिझेलचा फिल्टर बदलला. ते पैसे फुकट गेले, हे कबूल करते. डिझेलमध्ये हवा शिरली तर इंजिन गचके खाते किंवा बंद पडते, एकसारखी चढलेली रेस धरून राहत नाही, हे मला आधीच सुचायला हवे होते.

मग मी नटबोल्टचे पाने हातात घेणे थांबवले आणि वही घेतली. आपल्या ड्रायव्हरदादांना मालाच्या वहीतच लिहायला सांगितले की रेस वाढली तेव्हा गाडी किती वेळ चालली होती, माल भरलेला होता की गाडी रिकामी होती, पाऊस होता की ऊन. त्यांनी कुरकुर केली, पण लिहिले. माझा संशय पावसावर होता आणि तो साफ खोटा ठरला. पावसाचा संबंध नव्हता, मालाचाही नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात मात्र हा प्रकार एकदाही घडला नव्हता. म्हापशाकडे जाताना अस्नोडा ओलांडल्यावर किंवा चोर्ला घाट चढून गेल्यावर, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावरच तो सुरू व्हायचा, आणि बॉनेट उघडून वीसेक मिनिटे गाडी उभी केली की निघून जायचा. गाडी गॅरेजात कायम सकाळी, थंड असतानाच पोचत होती, तेव्हा मेस्त्रींना काही न सापडणे हा त्यांचा दोष म्हणता येत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः गाडीबरोबर गेले. बाबांनी फोनवर पेडलपासून येणारी रेसची दांडी अडकत असेल असे सांगितले होते, म्हणून रेस वाढल्याबरोबर बॉनेट उघडून आधी तीच पाहिली. हवेच्या वाटेतल्या फुलपाखराचा, म्हणजे फिरत्या झडपेचा, लिव्हर हाताने बंद बाजूला दाबला, तर तो आधीच स्लोच्या स्क्रूला टेकलेला होता. म्हणजे पेडल, दांडी, तिचे सांधे आणि परतीची स्प्रिंग या सगळ्यांवरचा संशय एका क्षणात फिटला. रेस वाढलेली असताना जी गोष्ट तिच्या जागेवर असते, तिला पुन्हा जागेवर बसवण्यात अर्थ नसतो.

इथे ताईसाठी थोडे थांबते. आपल्या जुन्या इंजिनात पेडल थेट डिझेल पंपाला हुकूम देत नाही. ते हवेच्या वाटेतले फुलपाखरू फिरवते. फुलपाखरू मिटले की त्याच्या पलीकडे हवा शोषणारी ओढ निर्माण होते, ती ओढ एका बारीक पाइपातून पंपाच्या मागच्या डबीत जाते, आणि डबीतला चामड्याचा पडदा मागे खेचला जाऊन डिझेल कमी होते. एक स्प्रिंग त्याच पडद्याला सतत उलट, म्हणजे जास्त डिझेलच्या बाजूला ढकलत असते. म्हणून वाटेत कुठेही बाहेरची हवा शिरली की ओढ अपुरी पडते, स्प्रिंग जिंकते आणि रेस चढते. ओढ पूर्णच तुटली तर इंजिन ताब्याबाहेर पळू शकते, आणि स्क्रू मागे घेऊन हे दुखणे झाकणे मला म्हणूनच पटले नव्हते.

उरले दोघे, पडदा आणि पाइप. पडद्याची परीक्षा इंजिन बंद करून, पण गरम असतानाच घेतली: पंपाचा स्टॉपचा, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करण्याचा, लिव्हर पूर्ण मागे ओढला, पाइप काढून डबीचे तोंड बोटाने बंद केले आणि लिव्हर सोडला. पडदा फाटलेला असता तर लिव्हर सरळ पुढे आला असता. तो थोडा सरकला आणि अगदी सावकाश येत राहिला. पडदा शाबूत होता. पाइप परत जोडून गाडी चालू केली, रेस पुन्हा वाढू दिली आणि पाइप टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेले. पंपाकडचा रबरी जोड क्लिपजवळ खालून दाबला मात्र, इंजिन एकदम खाली आले. बोट काढले, पुन्हा चढले. ड्रायव्हरदादांनी हे चार वेळा करून घेतले, त्यांचा विश्वासच बसेना. सायलेन्सरच्या नळीची धग लागून जोडाच्या खालच्या अंगाला चीर गेली होती. थंड असताना ती मिटलेली असे, रबर तापून सैल झाले आणि इंजिन थरथरू लागले की उघडे.

दोन्ही टोकांचे जोड बदलले. पाण्याची साधी नळी ओढीने आत चिपते, म्हणून जाड भिंतीचे, तेल सोसणारे रबर घेतले, आणि पाइप सायलेन्सरच्या नळीपासून दूर नेऊन बांधला. पडद्याचे चामडे कोरडे वाटले, त्याला तेलाचे काही थेंब दिले. मग स्क्रूकडे वळले, आणि तिथे बाबांनी कधीकाळी रंगाने केलेली पांढरी खूण दिसली. स्क्रू तिच्यापासून दीड फेरा सरकला होता. तो खुणेवर परत आणला, तर मीटर लावून पाहिल्यावर थंड आणि गरम, दोन्ही वेळा रेस मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास भरली. आजार असताना ती ११०० वर जात होती. त्यानंतर म्हापशाच्या दोन आणि घाटातली एक अशा तीन फेऱ्या झाल्या, वहीत नवी नोंद नाही.

आईने काळजी करू नये. रेस कधी हाताबाहेर गेलीच तर आधी स्टॉपची दोरी ओढायची, आणि तेवढ्याने भागले नाही तर वरचा गियर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचे, हे ड्रायव्हरदादांकडून मी दोनदा वदवून घेतले आहे. गाडी विकण्याचा विषय तुम्ही परत आल्यावर काढावा, मी वाद घालायला तयार आहे.

पाकिटात जुन्या जोडाचा तुकडा ठेवला आहे. नुसता चाचपून काही कळणार नाही. बाबांनी तो दोन्ही टोकांना धरून थोडा वाकवावा आणि अंगठा खालच्या बाजूने फिरवावा.

तुमची,
धाकटी